आयेला कळेल असा आवाज

हे सगळं तोंडी सांगितलं असतं तर एका चहात उरकलं असतं. पण बोलायचं म्हणजे मला गालाला ट्रिमर लावावं लागतं आणि समोरच्याला धीर धरावा लागतो. दोन्ही एका वेळी क्वचित जुळतं, म्हणून लिहितो आहे.

माझं नाव बाळाराम. गाव दिघाशी, राहायला भिवंडीत नारपोलीला. पावरलूमच्या कारखान्यात मी जॉबर होतो, म्हणजे लूम बिघडलं की दुरुस्त करणारा. घशाला कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी स्वरपेटी काढली. आता गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक आहे, त्यातून मी श्वास घेतो. हो, बिडी ओढत होतो. सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी थोडं जास्त. औषधांचं मला विचारू नका. ते डॉक्टरांचं काम आहे आणि तेही कमी बोलतात.

नंतर बोलू

माझा आवाज बसलाय हे मलाच उशिरा कळलं. त्याला कारण लूम. कारखान्यात शिफ्ट चालू असताना इतका खडखडाट असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथे आम्ही ओठ हलवतो आणि हात करतो. धागा तुटला, मशीन बंद कर, चहा आला, मालक आला, सगळं हातावर आणि ओठांवर. ड्युटीभर गळ्यातून आवाज काढायची गरजच नाही. घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं. बायकोनंच एक दिवस ताट वाढताना विचारलं, "अहो, तुमचा आवाज असा फाटक्या कापडासारखा का येतोय?" मी म्हणालो, सर्दी. ती सर्दी काही गेली नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यातला एक तुकडा पेनानं खोडला. म्हणाला, "जीव वाचेल. आवाज मात्र जाईल."

मंदा, म्हणजे माझी बायको, पटकन म्हणाली, "किती दिवस?"

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "कायमचा."

मी "बरं" म्हणालो. का म्हणालो देव जाणे. दुकानदारानं माल संपला सांगितल्यावर आपण म्हणतो ना, तसं. बाहेर आल्यावर मंदा भिंतीला टेकून रडली आणि मी तिची पर्स धरून उभा राहिलो. मला रडू आलं नाही. मला भूक लागली होती आणि त्याचीच लाज वाटत होती.

आमची आये दिघाशीला, माझ्या थोरल्या भावाकडे. काचबिंदूनं तिची नजर कित्येक वर्षांपूर्वी गेली. डोळ्यांची सगळी कामं ती कानांनी करायची. अंगणात कोण आलं ते पावलावरून ओळखायची. दादानं ठरवलं होतं की तिला कॅन्सर हा शब्द सांगायचा नाही. "तिला सोसायचं न्हाय," तो म्हणाला. म्हणून घशाला गाठ आहे, काढायची आहे, एवढंच तिला सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी मी इस्पितळातून तिला फोन लावला. घशासाठी कोणता काढा घ्यायचा ते तिनं सांगितलं, भाताची मळणी झाली का ते मी विचारलं. मग ती म्हणाली, "बाला, मी अंगठा दिला म्हून तू रागावलास का रं माज्यावर?"

वडप्याकडे हायवेजवळ आमची जमिनीची एक पट्टी होती, तिच्या नावावर. गोडाऊनवाल्यांना ती विकायचं दादानं ठरवलं आणि आयेनं अंगठा दिला. मला कळलं ते सगळं झाल्यावर. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या पट्टीवर मी लहानपणी वाल खुडायला जायचो. पण राग म्हणावा असं काही नव्हतं, आणि कॅन्सर कळल्यावर तर जमीन कुठल्या कुठे गेली. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात सिस्टरनं माझं नाव पुकारलं. मी म्हणालो, "आये, ते नंतर बोलू."

माझ्या स्वतःच्या आवाजात तिनं ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. माझं स्वतःचं अगदी शेवटचं वाक्य याहून भारी होतं. ऑपरेशनच्या खोलीत नेताना मी वॉर्डबॉयला विचारलं, "चपला कुठं ठेवू?"

मुक्यांचा वॉर्ड

ऑपरेशननंतरचं पहिलं आठवतं ते हे, की मी ओरडलो आणि काही झालं नाही.

आमचा वॉर्ड सगळा गळ्याच्या पेशंटांचा. कुणाला काही हवं असलं की पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमचा वाजवायचा. नाकात नळी, नळीतून दूध, नळीतून चहा. चहाची चव लागत नाही आणि वासही येत नाही, कारण हवा आता नाकातून जातच नाही. दिवसातून कितीतरी वेळा सिस्टर येऊन भोकातला कफ मशीननं ओढायच्या. तेव्हा वाटायचं, जीवसुद्धा त्याच नळीतून जातोय. त्याची भीती शेवटपर्यंत गेली नाही. मशीनची चाकं वाजली की मी पांघरूण घट्ट धरायचो.

मला एक पाटी दिली होती. मी लिहायला लागलो की लोक अर्ध्यावरच ओळखून "हो हो, कळलं" म्हणायचे आणि भलतंच आणून द्यायचे. मंदासुद्धा. एक केरळची सिस्टर होती, तिला मराठी नीट वाचता यायचं नाही, पण मी पूर्ण लिहीपर्यंत ती थांबायची आणि मग बोट ठेवून एकेक अक्षर वाचायची. त्या दिवसांत माझ्यावर झालेले उपकार मोजायचे तर हा पहिला.

पुढे रेडिएशन झालं. वॉर्डात सगळे त्याला 'लाइट' म्हणायचे. लाइट घेऊन घेऊन माझा गळा बाहेरून लाकडासारखा कडक झाला.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं की लूमच्या कारखान्यात परत जायचं नाही. तिथे कापसाची रुई हवेत उडत असते. नाकात केस असतात, ते रुई अडवतात. गळ्याच्या भोकाला दरवान नाही. रुई थेट छातीत जाईल. मला त्या वेळी हसू आलं. अख्ख्या दुनियेत एकच जागा अशी, जिथे आवाज नसलेला माणूस इतरांच्या बरोबरीचा असतो, आणि तीच मला बंद झाली. हसलो, पण हसण्यालाही आवाज नव्हता, म्हणून डॉक्टरांना वाटलं मला ठसका लागला.

मनाई

घरी आलो आणि आयेला भेटायला दिघाशीला गेलो. गळ्याला गमछा गुंडाळला होता. ती ओसरीवर बसली होती. माझ्या पावलावरून तिनं ओळखलं आणि हात पुढे केला. मी तिचा हात धरून बसलो.

"बोल ना रं," ती म्हणाली.

मंदा म्हणाली, "आई, डॉक्टरांनी त्यांना बोलायला मनाई केलीय."

असं सांगायचं दादाबरोबर आधीच ठरलं होतं. त्या दिवशी ते सोयीचं वाटलं. पण मनाई ही अशी गोष्ट आहे की ती कधीतरी उठते. पुढच्या खेपेला आयेनं विचारलं, "अजून मनाई?" त्याच्या पुढच्या खेपेला काही विचारलं नाही, नुसती बसून राहिली. गळ्याला हात लावायला आली की मंदा म्हणायची, टाके ओले आहेत. किती दिवस ओले राहणार टाके.

मग एकदा वहिनीनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "आये जेवत न्हाय नीट. म्हनते बालानं अबोला धरलाय."

ते ऐकून मी खरंच हादरलो. आमच्या घरात अबोला धरायची रीत जुनीच आहे. माझे वडील आणि चुलते एका बांधावरून आठ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते आणि एकाच विहिरीवर पाणी भरत होते. आयेनं ते सगळं पाहिलेलं. तिचा हिशोब सरळ होता. पोरानं म्हटलं, नंतर बोलू. आणि नंतर बोललाच नाही.

त्या दिवशी मंदानं कुणाला न विचारता तिला खरं सांगितलं. आवाज गेला, कायमचा गेला, राग नाही. आये शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आदी मनाई सांगितलीस. मग टाके वले सांगितलेस. आता आवाज गेला म्हनतेस. पोरी, तू नको सांगू. राग न्हाय तर त्याला बोलू दे."

तिचं काय चुकलं? मी तिचा हात हातात घेऊन दाबला, अनेकदा दाबला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

ट्रिमर

इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी समजावलं की आवाज स्वरपेटीत होतो, पण शब्द तोंडात होतात. माझी जीभ, ओठ, दात सगळं जागेवर होतं. बाहेरून नुसती गुणगुण आत सोडली तर तोंड तिचे शब्द करू शकतं. तसं यंत्र विकत मिळतं, गळ्याला लावायचं. त्यांनी ते दाखवलं. त्याची किंमत ऐकून मी ते हातातून खाली ठेवलं.

पण मी जॉबर. हातात घेतलेली वस्तू आतून कशी आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बॅटरी, थरथरणारं एक यंत्र आणि त्यावर एक टोपी, बस. नारपोलीत इरफानभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी ते पुन्हा गुंडाळून देतात. वीस वर्षांचे दोस्त. मी पाटीवर चित्र काढलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "दाढी का पुराना ट्रिमर ला. उसमें सब है."

ट्रिमरचं पातं काढलं, तिथे औषधाच्या बाटलीचं झाकण बसवलं. इरफानभाईंनी वायरीत एक छोटं बटण घातलं, ते फिरवलं की गुणगुण जाड किंवा बारीक व्हायची. माझा गळा कडक झालेला, तिथून आवाज आत जाईना. मॅडमनी सांगितल्यावरून गालाला लावून बघितलं. गालातून गेला. मी म्हणालो, "इरफान." दुकानात बसलेले दोघेजण उठून उभे राहिले.

आम्ही ते यंत्र तपासायला कारखान्यावर गेलो. आत नाही, दारात. पण दारातही खडखडाट असतोच. शिफ्ट सुटायची वेळ होती. जुने दोस्त गोळा झाले. मी गालाला ट्रिमर लावून प्रत्येकाशी बोललो. कुणाचं पोरगं पास झालं का, कुणाची बायको गावाहून आली का, सगळं विचारलं. सगळ्यांना सगळं कळलं. लूमच्या आवाजातसुद्धा. "फर्स्ट क्लास है," ते म्हणाले, "एकदम क्लियर." एकानं मला मिठी मारली. मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. जे यंत्र लूमच्या दारात पास झालं ते दिघाशीच्या शांत ओसरीवर तर घंटेसारखं वाजेल, असं मला वाटलं.

घरी मंदाला मात्र नीट कळत नव्हतं. भाकरी थापताना मी काही बोललो की ती म्हणायची, "काय? परत बोला." मला राग यायचा. वाटायचं, हिचं लक्ष नाही.

ओसरीवर

दिघाशीला गेलो. दादा, वहिनी, मंदा, सगळे उभे. आये भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्यासमोर बसलो, ट्रिमर लावलं आणि म्हणालो, "आये, मी बाळाराम. मला राग नाही."

ती दचकली. "कोनी मशीन चालू केलं? पंप हाय का?"

मी मोठ्यानं म्हणालो. म्हणजे बटण फिरवून गुणगुण जाड केली. दादाला कळत होतं, तो म्हणाला, "आये, बोलतोय तो, ऐक की."

आयेनं हात वर केला. "बंद करा रं ते मशीन," ती म्हणाली. "बाला काय बोलतो ते ऐकू द्या मला."

मी मशीन बंद केलं.

ती कान माझ्याकडे करून बसली. मान थोडी वाकडी, तोंड किंचित उघडं. लहान मूल गोष्ट ऐकायला बसतं तशी. मी तिच्यासमोर होतो आणि माझ्याकडे काही नव्हतं. कोंबड्या दाण्यांसाठी पायात येत होत्या, त्यांचा आवाज होता, माझा नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं मान सरळ केली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जबरदस्ती नका करू त्याला."

या आजारात मला सगळ्यात जास्त दुखलं ते तेव्हा. ऑपरेशन त्यापुढे काहीच नाही.

पाठमोरी

दुसऱ्या दिवशी मी ट्रिमर कपाटावर फेकून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मंदा भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "तुम्ही सगळे लूमवाले एकसारखे. तुम्ही कानांनी ऐकतच नाही."

मी उठून बसलो.

"मी भाकरी थापते तेव्हा तुमच्याकडे बघत नाही, म्हणून मला कळत नाही," ती म्हणाली. "ते सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते. भाऊजीसुद्धा बघत होते. आई कशा बघणार?"

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कारखान्याच्या दारात कुणीच माझं यंत्र ऐकलं नव्हतं. त्यांनी माझे ओठ वाचले होते, जन्मभर वाचतात तसे, आणि वाचतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. ज्यांना आवाज लागत नाही अशा माणसांकडून मी आवाज पास करून आणला होता, आणि तो घेऊन गेलो कुणाकडे, तर जिला आवाजाशिवाय काही नाही तिच्याकडे. शिकलेला असो वा अडाणी, लूमवर आयुष्य न काढलेल्या माणसानं ही चूक केली नसती.

तेव्हापासून मंदा माझी परीक्षक झाली. ती चुलीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून काम करायची आणि मी मागून बोलायचो. पहिले काही दिवस काही कळायचं नाही तिला. एकदा चिडून मी तिला म्हैस म्हणालो, ती म्हणाली, "हो, आणते पाणी." तेवढा एक फायदा मी मान्य करतो.

गुणगुण बाहेर फार सांडत होती आणि तिच्यात शब्द बुडत होते. इरफानभाईंनी ट्रिमरला सायकलची ट्यूब गुंडाळली, आत फोम भरला. झाकणाऐवजी कोटाचं मोठं बटण लावलं, ते गालाला घट्ट बसायचं. अंगठ्याखाली असा स्विच दिला की दाबला तरच आवाज, सोडला की गप्प. म्हणजे शब्द संपला की शांतता मिळायची. हे सगळ्यात उपयोगी पडलं. मॅडम म्हणाल्या, वाक्य लहान करा, तोंड मोठं उघडा, ब, म, ज, ग असे जड आवाज जास्त वापरा, ते या यंत्रातून चांगले येतात. इरफानभाई दुकानात डोळ्यांना रुमाल बांधून बसायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "दो मिनट रुको भाई, बाळाराम का इम्तिहान चालू है."

हे चाललं असताना आये मोरीत पाय घसरून पडली. कंबर मोडली. या वयात ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. दादा फोनवर मंदाला म्हणाला, "त्याला सांग, जे काय करायचं ते लवकर कर."

मला एकच वाक्य हवं होतं. मी दिवसभर तेच बोलायचो. मंदा चिडली नाही. रोज पाठमोरी राहून तेच वाक्य परत म्हणून दाखवायची.

जमीन

आये खाटेवर होती. चेहरा अगदी लहान झालेला. मी खूण करून पंखा बंद करायला लावला, सगळ्यांना गप्प केलं. तिच्या उशाशी बसलो. यंत्र गालाला लावलं आणि अंगठा दाबला.

"आये." अंगठा सोडला. पुन्हा दाबला. "मला राग नाय."

ती हलली नाही. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "परत बोल."

मी परत बोललो.

"कसला राग?" तिनं विचारलं.

मी हे पाठ केलेलं नव्हतं. एका वाक्याची तयारी करून आलेला माणूस मी. ती माझी परीक्षा घेत होती हे मला कळलं. कुणीतरी दुसराच तिला समजवायला मशीन घेऊन बसला असेल तर? मी मंदाकडे बघितलं. मंदानं माझ्याकडे पाठ केली आणि उभी राहिली, घरी चुलीजवळ राहायची तशी.

मी म्हणालो, "जमीन गेली." अंगठा सोडला, दाबला. "जाऊ दे, आये."

मंदा पाठमोरीच रडायला लागली, म्हणून मला कळलं की शब्द पोचले.

आयेनं हात उचलला. तिची बोटं माझ्या तोंडावर आली, गालावरच्या यंत्रावर थबकली, त्याची ट्यूब चाचपली. मग खाली गेली. मी गमछा काढून टाकला. आता कुणी टाके ओले म्हणालं नाही. तिची बोटं गळ्याच्या भोकापाशी आली आणि माझा श्वास तिच्या बोटांवर लागला. तिनं बोटं मागे घेतली, पुन्हा पुढे आणली.

"हे काय हाय?"

"तिथनंच श्वास घेतात ते, आई," मंदा म्हणाली. "आवाज होता तो भाग काढला."

आयेनं त्या भोकावर आपला तळवा ठेवला. अख्खा तळवा. लहानपणी पडून गुडघा फुटला की ती असाच तळवा दाबून धरायची, रक्त थांबेपर्यंत. तिला वाटलं, उघडी जखम आहे, झाकावी.

माझा श्वास बंद झाला. मंदा धावली, मी तिला हातानं थांबवलं. का थांबवलं ते मला नीट सांगता येत नाही. आयेचा तो खरखरीत, ऊबदार तळवा माझ्या गळ्यावर होता, आणि मला तो थोडा वेळ तिथेच हवा होता. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तेवढ्यात तिलाच तिच्या तळव्यावर ओढ जाणवली. तिनं चटकन हात काढला.

"इथनं जीव घेतोस?" ती म्हणाली. "आनि उघडंच ठेवलंय? धूळ जात आसंल, वारा जात आसंल."

मी अंगठा दाबून म्हणालो, "जातो."

"दुकतं का रं?"

"नाय."

दुखत होतं. पण नाय म्हणायला सोपं पडतं, आणि तिला ते ऐकू आलं.

तिनं वहिनीला तिचं जुनं लुगडं आणायला सांगितलं. वहिनीनं ती सांगेल तसा तुकडा फाडला. आयेनं तो चार पदरी घडी करून स्वतःच्या हातानं, चाचपडत, माझ्या गळ्याला बांधला. गाठ मागे मारली, लहान मुलाच्या गळ्याला लाळेरं बांधतात तशी. मग दमून पडून राहिली. माझा हात तिच्या हातात होता. या खेपेला तिनं तो सोडवला नाही.

कापड

आये त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मी रोज जायचो. ती फारसं बोलायची नाही, मलाच बोलायला लावायची. "बोल," म्हणायची, "कायपन बोल." मी जे सुचेल ते बोलायचो, इरफानभाईंचं, मंदाच्या भाकऱ्यांचं. कधी कळायचं, कधी नाही. ती गेली त्या दुपारी मी तिला वडप्याच्या पट्टीवरचे वाल सांगत होतो. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी एकटाच बोलतोय. यंत्र चालूच राहिलं होतं, अंगठा सोडायचं राहून गेलं होतं.

आता ज्यांना उपयोग आहे त्यांच्यासाठी. असं यंत्र आम्ही आणखी काही जणांना करून दिलं. जुनं ट्रिमर तुमचं तुम्ही आणा. आधी इस्पितळात तुमच्या मॅडमना दाखवा, कुठे लावायचं ते त्याच सांगतील. आणि ते पास झालं की नाही हे समोर बसलेल्याला विचारू नका, पाठ करून उभ्या असलेल्याला विचारा. घरच्यांना एकच सांगणं: मनाई वगैरे सांगू नका. जे झालंय ते सांगा. त्या सोयीच्या वाक्यानं माझ्या आयेचे आणि माझे कितीतरी दिवस खाल्ले.

गळ्यावर घालायचे पट्टे बाजारात मिळतात. लूमचं कोरं कापड वापरू नका, त्याला खळ असते आणि ते टोचतं. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती लुगडं सगळ्यात चांगलं. हवा येते आणि धूळ अडते. प्रत्येकाच्या घरात एखादं असतंच, शोधा.

माझं मात्र मागू नका. त्या लुगड्याचे मी नीट तुकडे करून ठेवले आहेत. रोज एक धुतो, एक बांधतो. प्रत्येक धुण्याला ते आणखी पातळ होतं. मंदा म्हणते, जपून वापरा, अधूनमधून बाजारचा पट्टा घाला. मी अंगठा दाबून म्हणतो, "नाय."

ती पाठमोरी असते, तरी तिला कळतं.